वैद्यबुवांचा क्रम

काळजाचा एक ठोका पडला की छातीची कातडी किंचित वर उचलली जाते. किती, तर केसाच्या जाडीच्या दोन-चार पट. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या उघड्या छातीकडे टक लावून पाहिलं तर कधीमधी जाणवतं, एवढंच. पण विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारली की ती पाण्यावर आपटून परत येते, आणि पाणी खाली गेलेलं असेल तर थोडी उशिरा येते, हे आपण सगळ्यांनी करून पाहिलेलं आहे. रेडिओच्या लहरींचंही तसंच असतं. त्या एखाद्या छातीवर सोडल्या, तर छाती वर असताना जरा लवकर परतात, खाली असताना जरा उशिरा. हा ‘जरा’ इतका बारीक असतो की तो मोजायला माणसाला शंभर वर्षं लागली. पण एकदा मोजता आला, आणि दुरून, हात न लावता, नाडी पाहता येऊ लागली.

त्यात खरी अवघड गोष्ट ऐकण्याची नव्हती, वगळण्याची होती. हेलिकॉप्टर स्वतःच थरथरतं. खाली पाणी हलतं, झाडं हलतात, गोठ्यातल्या म्हशीलाही काळीज असतंच. हे सगळं वजा करून उरतो तो माणसाचा ठोका. यंत्र तो दोन मिनिटं ऐकतं, श्वास मोजतं, अंगाची ऊब पाहतं आणि सांगतं, की हा माणूस अजून इतका वेळ तग धरेल. पडद्यावर हिरवा ठिपका म्हणजे पुष्कळ वेळ आहे, पिवळा म्हणजे घाई करा, लाल म्हणजे आत्ताच.

नौदलाच्या कागदांत त्या यंत्राला लांबलचक नाव होतं. हेलिकॉप्टरवरची माणसं त्याला वैद्यबुवा म्हणत.

हरेश्वर चोगलेचा सुरुवातीला वैद्यबुवांवर विश्वास नव्हता. त्याचं काम दोरावरून खाली उतरण्याचं. छपरावर, झाडावर, पाण्यात, जिथं माणूस अडकलं असेल तिथं उतरायचं, त्याच्या काखेतून पट्टा घालायचा आणि त्याला छातीशी धरून वर यायचं. अकरा वर्षं तो हे करत होता. कुणाला आधी उचलायचं ते तो खाली उतरल्यावर चेहरे पाहून ठरवी, आणि त्यात आपण कितीदा चुकलो हे त्याला ठाऊक होतं. जो ओरडतो तो जगणार असतो आणि जो गप्प असतो तो जात असतो, हे कळायला त्याला चार पावसाळे लागले होते. वैद्यबुवांना ते पहिल्या दिवसापासून कळत होतं. मागच्या दोन पुरांत यंत्रानं शेकडो गप्प माणसं शोधून दिली, तेव्हापासून हरेश्वरनं त्याला मनातल्या मनात हात जोडले होते.

आता तळावरचा एक मोठा संगणक सगळ्या हेलिकॉप्टरांकडचे ठिपके गोळा करी आणि कुणी कुठं जायचं याचा क्रम लावी. वैमानिकाच्या समोर पुढच्या जागेचं नाव उमटे. वाद नाही, रदबदली नाही. पुढाऱ्याचा वाडा आणि भोयाची झोपडी दोन्ही ठिपकेच.

कार्तिकात ते चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. रात्रभर घोंघावून पहाटे ते डोंगरापलीकडे गेलं, आणि मागं राहिली ती खाडीच्या दोन्ही अंगांना पसरलेली पाण्याची चादर. खारबांध सात ठिकाणी फुटले होते. उजाडताच हेलिकॉप्टरं उडाली. हरेश्वरच्या हेलिकॉप्टरवर लेफ्टनंट कमांडर नीलाक्षी कर्णिक वैमानिक होत्या. शेजारी सहवैमानिक, आणि मागं दारात दोराचं चाक फिरवणारा भास्कर राणे. राणे मालवणचा, वयानं मोठा, जिभेनं तिखट. दोर सोडणारा आणि दोरावरून उतरणारा यांची जोडी ठरलेली असते. खालच्या माणसाचा जीव वरच्याच्या अंगठ्यात असतो.

दहा वाजेपर्यंत त्यांनी चोवीस माणसं उचलली. जास्त माणसं मावावीत म्हणून झोपवून न्यायची टोपली त्यांनी तळावरच काढून ठेवली होती. साऱ्याच हेलिकॉप्टरांनी तसं केलं होतं. नियमही होता: जिवंत माणसं संपेपर्यंत मृताला उचलायचं नाही.

मग पडद्यावर नाव आलं, साखरखार. एक ठोका, पिवळा, सत्तर मिनिटं.

साखरखारात चाळीस घरं होती, ती वादळाच्या आदल्या दिवशीच रिकामी झाली होती. पाण्यावर समाजमंदिराची गच्ची तेवढी होती. हरेश्वर उतरला तेव्हा गच्चीच्या कोपऱ्यात एक म्हातारा बसलेला दिसला. कमरेला ओला रुमाल, अंगात बंडी. त्याच्या मांडीला टेकून लुगड्यात गुंडाळलेली एक बाई आडवी होती. लुगड्याचा पदर म्हाताऱ्यानं आपल्या मनगटाला बांधून घेतला होता. हरेश्वरनं गुडघा टेकून तिच्या गळ्याला बोटं लावली. वैद्यबुवांनी एकच ठोका का दाखवला होता ते कळलं.

म्हाताऱ्याचं नाव गोमाजी. बायको मथुरा आजारी होती, हलवण्यासारखी नव्हती, म्हणून दोघं मागं राहिले. पाणी घरात शिरल्यावर तो तिला पाठुंगळीला घेऊन समाजमंदिराचा जिना चढला. पहाटे ती गेली. हे सगळं त्यानं शांतपणे सांगितलं आणि म्हणाला, "तू जा बाला. बाकीच्यांना ने."

"आजोबा, इथं बाकीचं कुणी नाही. तुमच्यासाठीच आलोय."

"मंग दोघांना ने."

टोपली नाही, नियमात बसत नाही, हे हरेश्वरनं समजावून सांगितलं. पाणी ओसरतंय, दुपारी बोट येईल, आजींना कुठं काही होत नाही, असंही सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. मग त्यानं गाव विचारलं, आडनाव विचारलं, आईबाप आहेत का विचारलं.

"चोगले म्हंजे आपल्यातलाच की. मंग तुला काय सांगाचं? तुजी आय गेली तवा तिला एकली ठेवलीव का?"

मढं एकटं ठेवायचं नाही. का, म्हणून विचारलं तर दहा जण दहा कारणं सांगतील. कुत्रं-मांजर शिवेल म्हणतील, वाईट वारं शिरेल म्हणतील, दिवा विझेल म्हणतील. खरं कारण बहुधा एवढंच, की ज्याच्यासोबत जन्म काढला त्याच्याकडे पाठ करून जायला पाय उचलत नाही. हरेश्वरची आई गेली तेव्हा तो जहाजावर होता. घरी पोचायला त्याला बावीस तास लागले. त्या बावीस तासांत आळीतल्या बायका पाळीपाळीनं आईपाशी बसल्या होत्या. त्यांतल्या दोघींशी घरचं भांडण होतं, तरी बसल्या होत्या.

कानातल्या यंत्रातून राणेनं विचारलं, काय गप्पा चालल्यात? हरेश्वर म्हणाला, येत नाहीत. राणे म्हणाला, बुडणाऱ्याला विचारायचं नसतं, बांध आणि आण. तेही बरोबरच होतं. प्रशिक्षणात तसंच शिकवतात. हरेश्वरनं पट्टा म्हाताऱ्याच्या काखेतून सरकवला. गोमाजीनं दोन्ही हातांनी कठड्याची सळई धरली आणि अंगातला सगळा जोर लावला. तो फक्त धरून राहिला.

"हरी, सोड. सोड त्याला," राणेचा आवाज बदलला. "ठोका चुकतोय. लाल झालाय. असंच चाललं तर तुझ्या हातात जाईल."

हरेश्वरनं पट्टा सैल केला. म्हातारा धापा टाकत होता, ओठ निळे पडले होते. ओढून न्यावं तर मरणार, ठेवून जावं तर तासाभरात मरणार. वर पंखे घोंघावत होते, प्रत्येक मिनिटाला इंधन जळत होतं.

"आजोबा," हरेश्वर म्हणाला, "मी बसतो आजींपाशी. तुम्ही जा."

गोमाजीनं त्याच्याकडे पाहिलं. "नक्की बसशील? पानी चढलं तरी?"

"बसतो."

म्हाताऱ्यानं मनगटाची गाठ सोडली आणि पदराचं टोक हरेश्वरच्या हातात दिलं.

नीलाक्षीबाईंना हे मान्य करायला अर्धं मिनिट लागलं. तळ बारा मिनिटांवर होता. म्हाताऱ्याला सोडून टोपली घेऊन परतायचं, पंचवीस मिनिटांचा प्रश्न. उतरणारा माणूस हेलिकॉप्टरवर नसेल तर तसं तळाला कळवावं लागतं, आणि कळवलं की संगणक त्या हेलिकॉप्टरला क्रमातून काढतो. परत आत घ्यायला वरिष्ठांची सही लागते. त्यात तासभर जातो. पंचवीस मिनिटांसाठी अख्खं हेलिकॉप्टर तासभर बसवून ठेवायचं, आणि वर हरेश्वरवर चौकशी. बाई म्हणाल्या, "कळवत नाही. लवकर येते. जागचा हलू नकोस."

म्हाताऱ्याला वर घेऊन ते वळले तेव्हा पडद्यावर साखरखारला पुन्हा एक ठिपका उमटला. हिरवागार.

"हरी," राणे म्हणाला, "वैद्यबुवा म्हणतात तुला तीस तास काही होत नाही. तुझा नंबर शेवटचा."

हरेश्वर हसला. आवाज दूर गेला. मथुराबाईच्या कपाळावरचं कुंकू पाण्यानं ओघळलं होतं. ते त्यानं बोटानं सारखं केलं आणि पदराचं टोक मुठीत धरून तो बसला.

चार मिनिटांनी कानातल्या यंत्रावर नीलाक्षीबाईंचा आवाज आला. त्या तळाशी बोलत होत्या. संगणकानं नवी जागा दिली होती, वेळशेत. एक ठोका, लाल, अठरा मिनिटं. दुसरं हेलिकॉप्टर पंचवीस मिनिटं लांब होतं आणि हे तीनच मिनिटं, म्हणून क्रमानं हे निवडलं. यावर उतरणारा माणूस नाही, हे संगणकाला ठाऊक नव्हतं.

बाईंनी मनात आकडे मांडले असणार. हरेश्वरनंही मांडले. मागं फिरून त्याला उचलून वेळशेतला जायचं तर वाऱ्याविरुद्ध यायचं, दोर सोडायचा आणि पुन्हा सगळं अंतर कापायचं, एकूण बावीस मिनिटं धरावी लागत होती. त्यापेक्षा तीन मिनिटांत तिथं पोचावं. शुद्धीवर असलेला माणूस खाली सोडलेला पट्टा स्वतः घालू शकतो. सकाळीच दोघांनी घातला होता. गोमाजी प्राणवायूवर सावरला होता, त्याचा ठिपका पिवळ्यावरून हिरव्याकडे झुकत होता. बाईंनी वेळशेत घेतलं. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर तेच करतं.

वेळशेतला एका पडक्या गोठ्यात तो माणूस होता. जांभ्या दगडाची भिंत त्याच्या मांड्यांवर कोसळली होती. पाणी छातीपर्यंत. दोन म्हशी सुटून बाजूच्या उंचवट्यावर उभ्या होत्या. राणे दारातून पाहून सांगत होता आणि साखरखारच्या गच्चीवर हरेश्वर ऐकत होता.

"शुद्धीवर आहे. हात हलवतोय. पट्टा सोडतो."

मग, "पोचला. धरलान. पण घालता येत नाही त्याला. कंबर अडकली आहे. दगड कुणीतरी काढायला हवेत, मॅडम. तीन-चारच आहेत. माणूस हवा खाली."

दोरावरून माणूस उतरला तर चाक राणेनं फिरवायचं. राणेच उतरला तर चाक कोण फिरवणार? दोघे वैमानिक जागा सोडू शकत नव्हते.

नीलाक्षीबाईंनी तेव्हा तळाला खरं काय ते सांगितलं. दुसरं हेलिकॉप्टर लगेच निघालं. पंचवीस मिनिटं.

"मॅडम," हरेश्वर म्हणाला, "मला घ्यायला या. मी गच्चीच्या कडेला उभा राहतो. दोर सोडायचाही वेळ घेऊ नका."

"वैद्यबुवा तेरा सांगतायत, हरेश्वर. तू येईपर्यंत बावीस."

"वैद्यबुवा चुकतात कधीकधी."

ते चुकत नसत, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्याच विश्वासावर त्यांनी गेली दोन वर्षं माणसं निवडली होती.

पाणी गच्चीच्या हात-दीडहात खाली होतं. वेळशेत सरळ रेषेत चौदा-पंधरा मैल. हरेश्वर उभा राहिला, पुन्हा बसला. पदर त्याच्या मुठीतच होता. तो सोडला असता तरी काही बदलणार नव्हतं, आणि धरला होता म्हणूनही काही होत नव्हतं. त्यानं तो धरून ठेवला.

वर राहून उपयोग नव्हता तरी नीलाक्षीबाई तिथून हलल्या नाहीत. राणेनं दोर ताठ ठेवला, कारण त्या माणसानं पट्टा हातात घट्ट धरून ठेवला होता. राणे पडद्यावरचे ठोक्यांचे आकडे वाचत होता. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याला गप्प बसवत नव्हतं. अठ्ठेचाळीस. एकेचाळीस. छत्तीस. मध्येच तो म्हणाला, "ओढतोय रे. दोर ओढून बघतोय. मीही जरा ओढतो." मग आकडे पुन्हा सुरू झाले. तेराव्या मिनिटाला त्यानं वाचणं थांबवलं. बऱ्याच वेळानं म्हणाला, "दोर हलका झाला."

हरेश्वरला उचलायला ते तासाभरानं आले. सोबत टोपली होती. मथुराबाई आणि हरेश्वर एकत्रच वर आले. आत राणेनं त्याच्याकडे पाहिलं नाही, पाण्याची बाटली तेवढी पुढं केली.

चौकशी झाली. क्रम लावणाऱ्या संगणकात दोष आढळला नाही. त्याला मिळालेली माहिती अपुरी होती. नीलाक्षीबाईंचं उड्डाण सहा महिने बंद झालं. त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं, म्हणून हरेश्वरला समज देऊन सोडलं. यंत्रात एक सुधारणा आली: आता उतरणाऱ्या माणसाच्या छातीलाच खूण लावतात, तो हेलिकॉप्टरवर नसला की संगणकाला आपोआप कळतं. चांगली सुधारणा आहे. तिच्यामुळे पुढं माणसं वाचतील. असा प्रसंग पुन्हा आला तर कुणाला ‘मी बसतो’ मात्र म्हणता येणार नाही.

गोमाजी जगला. मथुराबाईचं त्यानं रीतीप्रमाणे सगळं केलं, आणि बाराव्याला जेवायला ये म्हणून हरेश्वरला तीनदा निरोप धाडले. तिसऱ्या निरोपात म्हटलं होतं, तू माझा पोरगाच. हरेश्वर गेला नाही. त्या दिवशी तरीत बसून खाडी ओलांडून तो वेळशेतला गेला.

गेलेल्या माणसाचं नाव वसंत घाग. गावच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. सगळ्यांसोबत निवाऱ्याच्या शाळेत पोचल्यावर म्हशींची दावी सोडायची राहिली म्हणून तो एकटा परत फिरला होता. त्याची मुलगी शैला गोठ्याच्या जागी उभारलेल्या मांडवात म्हशीला आंबोण घालत होती. हरेश्वरनं आपण कोण ते सांगितलं. तिनं पाटावर बसायला सांगितलं आणि हातातलं काम थांबवलं नाही.

त्यानं सगळं सांगितलं. साखरखारची गच्ची, पदर, न कळवलेली गोष्ट, अठरा मिनिटं. काही झाकलं नाही, काही वाढवलं नाही. मी जागेवर असतो तर तुमचे बाबा वाचले असते, हेही सांगितलं. तिनं विचारलं, नक्की? तो म्हणाला, तीन-चार दगड होते. नक्की.

तिनं आंबोण म्हशीच्या तोंडाशी सारलं.

"तुम्ही त्या आजींपाशी बसलात ते वाईट केलंत असं मी म्हणणार नाही," शैला म्हणाली. "पण बरं केलंत हेही माझ्या तोंडून निघणार नाही. ते ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा."

"ऐकायला नाही आलो."

"मग कशाला आलात?"

सरकारी पत्रात ‘घटनास्थळी मृत्यू’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यापलीकडचं कुणीतरी सांगायला हवं, असं काहीसं तो बोलला. मग राणेनं दोर ताठ धरला होता ते सांगितलं. बाबांनी पट्टा शेवटपर्यंत सोडला नाही, एकदा ओढूनही पाहिला आणि वरून राणेनंही ओढला, ते सांगितलं. हे सांगताना तिला थोडा धीर येईल असं त्याला वाटलं होतं.

शैलाचा आंबोणातला हात थांबला.

"म्हणजे हेलिकॉप्टर वरच होतं? आवाज येत होता त्यांना?"

"हो. सगळा वेळ."

"आणि वरून दोर ओढला."

"हो."

"मग त्यांना वाटलं असेल," ती म्हणाली, "आता उचलतायत."